बर्फाखालचा पतंग

आमच्या मुरलीपुऱ्यात संक्रांतीला कुणी घरात बसत नाही. सकाळी सातपासून सगळं जयपूर गच्चीवर असतं. सीकर रोडच्या बाजूने बघावं तर आकाशात नुसते ठिपके, आणि दर दोन मिनिटांनी कुठल्या तरी गच्चीवरून आरोळी येते, ‘वो काटाऽऽ!’ आम्ही मराठी घरातले. त्यामुळे आई खाली तिळगूळ वाटत असते आणि मी वर चरखी धरून उभी असते. लहानपणी दादा पतंग उडवायचा आणि मी फक्त चरखी धरायची. पुढे दोरा माझ्या बोटांत आला. पतंग नजरेआड गेला तरी तो वर काय करतोय, हे बोटाला कळतं. ही एवढी एक विद्या मला मुरलीपुऱ्याने दिली.

ती विद्या गेल्या हिवाळ्यात अमेरिकेत एका गोठलेल्या तळ्यावर कामाला येईल, असं मात्र स्वप्नातही वाटलं नव्हतं.

दार उघडलं की पांढरं

ताईला दुसरं बाळ झालं म्हणून आई आणि मी डिसेंबरात तिच्याकडे गेलो. मी दोन महिन्यांची बिनपगारी रजा काढली होती. ताई राहते मिनेसोटा राज्यात, फर्गस फॉल्स या छोट्या गावाच्या बाहेर. मिनियापोलिसच्या विमानतळावरून मोटारीने वायव्येला तीन तास. घर शेतांच्या मध्ये, शेजारी अर्ध्या किलोमीटरवर एकच दुसरं घर, आणि मागच्या बाजूला तळं.

तळी तिथे इतकी आहेत की मोजायला बसावं. मिनेसोटाला ‘दहा हजार तळ्यांचा प्रदेश’ म्हणतात, पण दहा एकरांहून मोठी तळीच ११,८४२ आहेत. हिवाळ्यात ती सगळी गोठतात. पारा उणे वीसपर्यंत उतरतो आणि तळं कुठे संपलं, शेत कुठे सुरू झालं, हे ओळखू येत नाही.

घरात आणखी एक पाहुणे होते. ताईचे सासरे. त्यांना मी काका म्हणते. अलिबाग तालुक्यातलं खाडीकाठचं गाव, वय अडुसष्ट. काकी जाऊन दोन वर्षं झालेली. मुलाने आग्रहाने सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं होतं. गावी हा माणूस पहाटे भरती-ओहोटी बघून घराबाहेर पडणारा. पाग टाकणं, पागोळीने चिंबोऱ्या पकडणं, जाळं विणणं हेच त्यांचं आयुष्य. इथे ते दिवसभर मागच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे. जेवणात लक्ष नाही, बोलणं नाही. ताई मला हळूच म्हणाली, “आल्यापासून त्यांनी एकदाही स्वतःहून काही मागितलं नाही गं.”

एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. “पोरी, ती बघ. ती माणसं तिथं काय करतात?”

तळ्याच्या मध्यावर दोन-तीन छोट्या खोपट्या दिसत होत्या. बाहेर बादलीवर एक माणूस मान खाली घालून बसला होता.

“मासे पकडतात, काका. बर्फाला भोक पाडून.”

काका पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आपण पण जाऊ.”

खाली पाणी, वर झाकण

भाऊजींनी आधी साफ नकार दिला. गुडघे दुखतात, थंडी सोसायची नाही, बर्फ फुटला तर? त्यांचं चुकत नव्हतं. पण ताई म्हणाली, “त्यांनी पहिल्यांदा काहीतरी मागितलंय.” तिथेच विषय संपला.

मला आधी प्रश्न पडला, तळं गोठतं तर मासे मरत कसे नाहीत? उत्तर शाळेतच शिकलो होतो, पण विसरलो होतो. पाणी चार अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं. त्याहून थंड झालं की ते हलकं होऊन वर येतं आणि वरच गोठतं. त्यामुळे बर्फ तळाशी न साचता झाकणासारखा वर बसतो आणि खाली पाणी पाणीच राहतं. मासे त्यात जिवंत असतात, फक्त सुस्तावलेले. थंड रक्ताच्या प्राण्याला थंडीत फार खावंसं वाटत नाही. त्यामुळे ते गळाला झडप घालत नाहीत, आमिष अलगद तोंडात ओढून बघतात.

हे ऐकून काकांचे डोळे चमकले. “मग दोर बारीक हवा. आणि हात हलका.”

बर्फातली ही मासेमारी तिथल्या मूळ रहिवाशांची फार जुनी. ओजिब्वे लोक भोकावर घोंगडी किंवा कातडं पांघरून बर्फावर पालथे पडायचे. आत काळोख झाला की खालचं पाणी स्पष्ट दिसतं. मग हाताने कोरलेला लाकडी मासा पाण्यात नाचवायचा आणि त्याला भुलून मोठा मासा आला की भाला मारायचा. आज बाजारात गरम तंबू आहेत, पाण्याखालचा मासा पडद्यावर दाखवणारी यंत्रं आहेत. पण त्यांचीही सुरुवात घरातूनच झाली. या खेळातलं मोठं नाव म्हणजे मिनेसोटाचेच डेव्ह जेन्झ. घसरगाडीवर बसवलेला, एकट्याने ओढून नेता येईल असा तंबू त्यांनी १९८० च्या सुमारास आधी स्वतःपुरता बनवला होता.

दुकानातल्या सामानाच्या किमती भाऊजींनी मोबाइलवर दाखवल्या. काकांनी मनातल्या मनात त्यांचे रुपये केले आणि मोबाइल परत दिला. “घरात काय काय आहे ते बघू.”

घरातूनच निघालं सामान

पुढचे आठ दिवस ताईचं गॅरेज म्हणजे काकांचा कारखाना झाला.

पहिली वस्तू माझ्या बॅगेतली. भाचीसाठी मी जयपूरच्या हांडीपुऱ्यातून पतंग आणि चरखी नेली होती. उणे वीसमध्ये पतंग कोण उडवणार? काकांनी चरखी हातात घेऊन फिरवून पाहिली आणि तिच्यावरचा सुती दोरा काढून टाकला. सुती दोरा पाणी पितो आणि बाहेर काढला की काडीसारखा ताठ होतो. त्याच्या जागी त्यांनी बारीक नायलॉनचा मासेमारीचा दोर गुंडाळला. खोली कळावी म्हणून दर हातभर अंतरावर ताईच्या लाल नेलपॉलिशची खूण केली.

बुडीसाठी शिसं वापरायचं नाही, असं शेजारच्या आजोबांनी सांगितलं. लून हा मिनेसोटाचा राज्यपक्षी. तळाशी पडलेले शिशाचे मणी तो खड्यांबरोबर गिळतो आणि विषबाधेने मरतो. म्हणून काकांनी शिशाऐवजी खिळ्यांच्या डब्यातले छोटे लोखंडी नट बांधले.

मासा अलगद ओढतो हे कळण्यासाठी बॉलपेनमधली स्प्रिंग उपयोगी पडली. ती थोडी ताणून एका काठीच्या टोकाला बसवली आणि दोर तिच्यातून ओवला. जरा ओढ बसली की स्प्रिंग वाकते. दुसऱ्या काठीला भाचीच्या तुटलेल्या पैंजणाचं घुंगरू लावलं.

भोकात सारखा तयार होणारा बर्फाचा चुरा काढायला दुकानात खास डाव मिळतो. तो बघून आई म्हणाली, “अहो, हा तर झारा!” तिने पुऱ्या तळायचा मोठा झारा दिला, पण परत मिळणार नाही हे गृहीत धरूनच. रंगाची रिकामी बादली उलटी केली की स्टूल, सुलटी केली की मासे ठेवायला. पायाखाली टाकायला ताईची जुनी योगाची चटई. भाऊजींच्या जुन्या बुटांच्या जाड तळव्यांत काकांनी आखूड स्क्रू बसवले, डोकी बाहेर ठेवून, म्हणजे पाय घसरत नाही.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू मात्र मासे पकडायची नव्हती. ती शेजारच्या आजोबांनी शिकवली. ताईचं जुनं लाटणं करवतीने मधोमध कापलं. दोन्ही तुकड्यांच्या टोकात एकेक जाड खिळा ठोकला, त्याचं डोकं कापून टोक धारदार केलं, आणि दोन्ही तुकडे एका दोरीने जोडले. दोरी दोन्ही बाह्यांमधून जाईल एवढी लांब. कुणी पाण्यात पडलंच, तर ओल्या बर्फाच्या निसरड्या कडेला हाताची पकड मिळत नाही. हे खिळे बर्फात रुतवून माणूस स्वतःला वर ओढून घेऊ शकतो. लाकूड एवढ्यासाठी की हातातून सुटलं तरी तरंगतं. असे तीन जोड केले.

जुगाड कुठे थांबतो

डिसेंबरच्या मध्यात आम्ही पहिल्यांदा गेलो. शेजारच्या आजोबांनी एक लांब पहार आणि हाताने फिरवायचा बर्फाचा गिरमिट दिला होता. काका पुढे, भाऊजी मागे आणि त्यांच्या मागे मी, अंतर राखून.

काका पाऊल टाकण्याआधी पहार आपटून बघायचे. मला खाडीची आठवण सांगत होते. “आमच्याकडं गाळात असंच. आधी काठी, मग पाय. गाळ वरून सगळीकडं सारखाच दिसतो.”

किनाऱ्यापासून तीसेक पावलांवर त्यांनी भोक पाडलं आणि टोकाला आडवा खिळा ठोकलेली लाकडी पट्टी आत घालून कडेला अडकवली. तीन इंच.

मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाचा नियम सरळ आहे. नव्या, स्वच्छ बर्फावर चालायला किमान चार इंच जाडी हवी. पांढरा, बर्फवृष्टी मिसळलेला असेल तर दुप्पट. मोटार न्यायची तर फूटभर आणि वाहनाप्रमाणे त्याहून जास्त. शिवाय दर दीडशे फुटांवर पुन्हा मोजायचं, कारण एकाच तळ्यात झऱ्याजवळ किंवा प्रवाहाच्या तोंडाशी बर्फ पातळ असतो.

सामान घेऊन आलो होतो. आठ दिवसांची मेहनत होती. मला वाटलं, एक इंचाचा तर फरक! लांबवर दुसरी माणसं बसलेली दिसतही होती. मी तसं बोलूनही गेले.

काका वळलेसुद्धा. “चल गो. मासे कुठं जात नाहीत.”

त्या रात्री भाऊजींनी आम्हाला जुन्या बातम्या दाखवल्या. त्याच राज्यातल्या अपर रेड लेकवर नोव्हेंबर २०२२ मध्ये बर्फाचा प्रचंड तुकडा किनाऱ्यापासून सुटला आणि त्यावर सुमारे दोनशे मासेमार अडकले. डिसेंबर २०२३ मध्ये तिथेच पुन्हा शंभराहून जास्त माणसं अडकली. दोन्ही वेळा सगळे वाचले. पण ही सगळी बर्फ ओळखणारी, तिथलीच माणसं होती.

जेवताना भाऊजींनी काकांच्या ताटात स्वतः भाकरी वाढली. सकाळपर्यंत ‘बाबांना कळत नाही’ म्हणणारा हा माणूस आता विचारत होता, “बाबा, पुढच्या वेळी पहार मी धरू का?”

मला त्या दिवशी एक गोष्ट नीट समजली. आपण भारतीय जुगाडाचं फार कौतुक करतो. ते योग्यही आहे. झारा, चरखी, पेनची स्प्रिंग, यांत जुगाड चालतो, कारण तो फसला तर एक मासा सुटेल, एवढंच. बर्फाच्या जाडीत जुगाड चालत नाही. परवान्यात चालत नाही. काकांसाठी आणि माझ्यासाठी बाहेरच्या पाहुण्यांना मिळणारा थोड्या दिवसांचा परवाना काढला होता. एकाने जास्तीत जास्त दोन दोर टाकायचे, टाकून घरी निघून जायचं नाही, रोज किती मासे न्यायचे ते ठरलेलं. काकांनी विचारलं होतं, जाळं लावलं तर? हौशी माणसाने असे मासे जाळ्याने धरायचे नाहीत, असं कळल्यावर त्यांनी पुन्हा जाळ्याचं नाव काढलं नाही.

आणि बंद जागेतल्या शेगडीतही जुगाड चालत नाही. जानेवारीच्या सुरुवातीला भाऊजींनी प्लॅस्टिकचे पाइप आणि ताडपत्री वापरून भाचीच्या घसरगाडीवर तंबू उभारला. पहिल्याच वाऱ्याने तो उचलला आणि तो सरळ शेजाऱ्यांच्या शेतात! आम्ही हसून बेजार झालो. मग शेजारच्या आजोबांनी आम्हाला त्यांच्या खोपटीत बोलावलं. आत गॅसचा हीटर होता, पण दोन बाजूंना हवेची भोकं उघडी होती आणि भिंतीला कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र. या वायूला रंग नाही, वास नाही. जयपूरच्या थंडीत बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेल्या माणसांच्या बातम्या आम्ही दर वर्षी वाचतो. घुसमटायला बर्फच लागतो असं नाही.

संक्रांतीचा मासा

संक्रांतीच्या आठवड्यातला शनिवार. बर्फ अकरा इंच. आकाश निळं, वारा नाही, पारा उणे चौदा. आईने सगळ्यांना घराच्या दारातच तिळगूळ दिला आणि बाळाला घेऊन खिडकीशी बसली, काकांच्याच खुर्चीवर.

भाऊजींनी दोन भोकं पाडली. काकांनी गळाला मेणकिडा लावला. मधमाश्यांच्या पोळ्यात मेण खाणारी ही पांढरी अळी तिथे आमिष म्हणून डब्यातून विकत मिळते. नट तळाला टेकला की दोर सैल पडतो, मग तो वीतभर वर घ्यायचा. भाचीने चरखी धरली, अगदी मी धरायची तशी, दोन्ही हातांनी, जीभ बाहेर काढून.

तासभर काही नाही. भोकावर साय धरत होती, मी झाऱ्याने काढत होते. मग काकांनी दोर माझ्या हातात दिला. “बघ तुला काही कळतं का.”

मी एका हाताचा मोजा काढला. बोट बधिर व्हायच्या आत जेमतेम मिनिटभर मिळतो. डोळे मिटले. खाली सोळा-सतरा फुटांवर काय आहे ते दिसत नव्हतं, तसा मुरलीपुऱ्यात ढगाजवळ गेलेला पतंगही दिसत नाही. आणि तेवढ्यात बोटाला जाणवलं. ओढ म्हणावी अशी ती नव्हती. दोराचं वजन जरासं कमी झालं, इतकंच. पतंग वाऱ्यात थोडा खाली येतो ना, तसं.

“काका, हलका झाला!”

“वरून घेतलंन त्यानं. मार!”

मी मनगटाला हिसका दिला. मग खरी ओढ आली. ढील, खेच, ढील, खेच. भाची चरखी गुंडाळत होती आणि भोकातून तळहाताएवढा, गोलसर, निळसर गालांचा मासा बर्फावर येऊन पडला. ब्लूगिल. कुणालाही न ठरवता एकदम मी ओरडले, “वो काटाऽऽ!” आजूबाजूच्या दोन खोपट्यांतून माणसं बाहेर डोकावली.

काका हसले. मी त्यांना आल्यापासून पहिल्यांदाच असं मोठ्याने हसताना पाहिलं.

त्या दिवशी सात मासे मिळाले. दोन फार लहान होते, ते काकांनी लगेच पाण्यात सोडले. उरलेले त्यांनी स्वतः साफ केले, हळद, तिखट, मीठ आणि गावाहून आणलेलं आगळ लावलं, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर टाकले. तुकडे लहान, चव गोडसर. आईने खाल्ले नाहीत, पण तिने शेजारच्या आजोबांसाठी ताट भरून दिलं. जेवण झाल्यावर काका आपण होऊन सांगत बसले. काकींना चिंबोऱ्या कशा आवडायच्या, त्या पागोळीला आमिष कसं बांधायच्या. दोन वर्षांत त्यांनी काकींचं नाव घेतलं नव्हतं, असं ताईने मला नंतर सांगितलं.

यंदाची संक्रांत

काका एप्रिलमध्ये गावी परतले. यंदा संक्रांतीला मी नेहमीप्रमाणे मुरलीपुऱ्याच्या गच्चीवर होते. खालून तिळाचा वास, वरून आरोळ्या. दुपारी काकांचा व्हिडिओ कॉल आला. मागे खाडी होती, ओहोटी लागलेली.

“काय गो पोरी, चरखी कुठाय तुझी?”

चरखी मी येताना आणलीच नव्हती. तेवढ्यात ताईने पाठवलेला फोटो आला. तळं, पांढरा उजेड, उलट्या बादलीवर बसलेले भाऊजी आणि शेजारी चरखी धरून भाची. बाजूला बर्फात पहार उभी रोवलेली. आणि दोघांच्याही बाह्यांमधून लाटण्याचे तुकडे लोंबत होते.

मी फोटो काकांना पुढे पाठवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला असावा, कारण उत्तर जरा वेळाने आलं.

“त्याला विचार, बर्फ किती इंच आहे.”